मोठे डॉक्टर निघालेत

मीना पगारेला बघायला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कशाच्या डॉक्टर?" हाडांच्या, डोळ्यांच्या, बायकांच्या, काहीतरी असायलाच हवं. ती म्हणायची, "कॅज्युअल्टीत असते." मग मंडळी चहाकडे वळायची. तिची आई वैतागून म्हणे, "अगं, एखादा अवयव तरी धर!"

आमच्या नाशिकच्या हॉस्पिटलात तरी वेगळं काय होतं? शेवटचे श्वास मोजणारा माणूस दारातून आत आला की पहिला हात हिचा, नाव मात्र वरच्या मजल्यावरच्या स्पेशालिस्टचं. नातेवाईक तिला सिस्टर म्हणत आणि मला, खऱ्या सिस्टरला, मॅडम. दोन हजार सालाच्या सुमाराला दारावरची 'अपघात विभाग' ही पाटी जाऊन 'इमर्जन्सी' आली. पाटीचं बारसं झालं, हिचं राहिलंच. मला भयंकर राग यायचा.

त्यात आमच्याकडे एक रीत पडलेली. नातेवाईक बिथरले की वॉर्डबॉय देवराम खणखणीत आवाजात सांगायचा, "मोठे डॉक्टर निघालेत!" कुणी निघालेलं नसायचं. पण लोक गप्प व्हायचे आणि तेवढ्यात मीना काम उरकून घ्यायची.

एका दुपारी सायखेड्याच्या मल्हारीला जीपमधून आणलं. द्राक्षबागेत वाऱ्याकडे तोंड करून फवारणी केलेली. शर्ट औषधाने चिंब, तोंडाला फेस, छातीत घरघर. देवरामने सवयीने आरोळी ठोकली.

ती ऐकून मल्हारीची बायको सुलाबाई खाटेवर जवळजवळ आडवीच पडली. नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाली, "मंग त्येंला येऊ द्या. तवर सुई नाय टोचायची. शिकाऊ पोरींनी हात नाय लावायचा."

"मावशी, वेळ नाही हो," मीना म्हणाली.

"निघालेत ना? मंग येतीलच की!"

मल्हारीचे ओठ निळे पडायला लागले. भरलेलं इंजेक्शन माझ्या हातात तसंच. बाईला ओढून बाजूला करावं तर दारात जीपभर माणसं उभी. आरोळी खोटी आहे हे सांगावं तर हेच लोक त्याला उचलून दुसरीकडे नेणार आणि तो वाटेतच संपणार.  मीनाच्या कपाळावर घाम आला होता.

"मावशी, कुणी निघालेलं नाही," ती म्हणाली. "यांच्यासाठी जी काही डॉक्टर आहे ती मीच."

सुलाबाईने दंड न सोडता मान वर केली. "म्हंजे आमचं हितं कोनीच नाय?"

"मी आहे ना."

"सोडून नाय ना जानार?"

"नाही."

सुलाबाईने दंड सोडला आणि मीनाच्या एप्रनचं टोक धरलं. आम्ही मल्हारीचे कपडे कापून काढले, अंग साबणाने धुतलं, इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. ड्यूटी संपली तरी मीना हलली नाही. मल्हारी जगला.

देवरामची आरोळी मीनाने त्याच दिवशी बंद केली. पुढची काही वर्षं प्रत्येकाला ती स्वतःच सांगायची, "मीच डॉक्टर." बहुतेक लोक थांबत. काही जण मात्र पेशंट उचलून पुन्हा गाडीत घालत. मीना हात जोडायची, गाडीच्या दारापर्यंत धावायची, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यातच उभी राहायची. त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.