मावशीच्या होडीची बातमी

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तरुणपणी ट्रंक कॉल जोडून देता देता निम्म्या पनवेलची सुखदुःखं माझ्या कानांवरून गेली, आणि ऐकलेलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही हा नोकरीचा नियम मी शेवटपर्यंत पाळला. निवृत्त झाल्यावर मात्र मला बातम्यांची भूक लागली. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप लॉकडाऊनमध्ये भाजी मागवण्यासाठी सुरू झाला होता. भाजीचं काम संपलं, ग्रुप तसाच राहिला. रोज पहाटे गल्लीच्या टोकाच्या तळ्याला तीन फेऱ्या मारून आले की मी त्यावर सात-आठ ओळी लिहायला लागले. तळमजल्यावरच्या आजोबांचं प्लास्टर निघालं. बैठ्या घरांपैकी शेवटच्या घरात जावई आले आहेत, गाडी त्यांची आहे, हॉर्न वाजवू नये. तळ्याच्या पायऱ्यांवर उजव्या पायाची लाल चप्पल पडली आहे. असंच सगळं. लोक आवडीने वाचायचे. माझे मिस्टर म्हणायचे, तू बातम्या देत नाहीस, हजेरी घेतेस.

आमच्या गल्लीत एक मासेवाली मावशी येते. उरणजवळच्या मोरा गावची. बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळच्या एसटीने पाटी घेऊन उतरते आणि चाचांच्या दुकानाच्या पायरीशी बसते. चाचा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले. वीस वर्षं आखातात काढून आले आणि घराच्या ओटीवरच त्यांनी दुकान टाकलं. त्यांच्या पायरीवरची ती जागा मावशीची. तिथे कोणी स्कूटर लावली तर चाचा स्वतः उठून बाजूला करायला लावतात. बावीस वर्षं मावशी येत होती, आणि कोळंबी सोलून देता देता प्रत्येकाच्या घरचं विचारत होती.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. बुधवार होता. मी बोंबील घेत होते. मावशीने हात लुगड्याला पुसले आणि मला जरा जवळ बोलावलं.

“बाय, तू सकालची सगल्यांची बातमी लिवतेस ना? माझी पन लिव. माझ्या पोराची नवी होडी हाय. येत्या नाय, त्याच्या पुढल्या रविवारी पान्यात पडनार. तलावाची सगली मानसा आली पायजेत. माझा आवतान हाय.”

मी म्हटलं, लिहिते की. आणि अगदी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर गेले तर कमळांच्या पलीकडे अडई बदकं उतरलेली. तपकिरी रंगाची, शीळ घातल्यासारखं ओरडणारी ती बदकं दर थंडीत येतात, पण त्या वर्षी लवकर आली होती आणि बरीच होती. मी घरी पळतच आले आणि बदकांवर चांगल्या नऊ ओळी लिहिल्या. अकरा बदकं आहेत, असं लिहिलं. तासाभरात तळमजल्यावरच्या आजोबांनी कळवलं की चौदा आहेत. मग कोणी म्हणालं, ती बुडी मारतात, म्हणून मोजदाद चुकते. दोन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. माणसं नातवंडांना घेऊन बदकं मोजायला जात होती. मावशीची होडी माझ्या डोक्यातून साफ निघून गेली.

शुक्रवारी मावशी आली. तिच्याकडून मी मांदेली घेतली. ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती, हे मला आज आठवतं. तेव्हा मी घाईत होते.

रविवारी ती आली नाही. बुधवारीही आली नाही. बावीस वर्षांत इतका खंड कधी पडला नव्हता, म्हणून ग्रुपवर चौकशी सुरू झाली. कोणाला वाटलं ताप असेल, कोणाला वाटलं गाड्या बंद असतील. तिचा नंबर कोणाकडे आहे का, असं मी विचारलं. चाळीस घरांत एकाकडेही नव्हता. मोऱ्यात तिचं घर कुठे, तेही कोणाला माहीत नव्हतं. चाचा रोज तिची जागा झाडून ठेवत होते.

गुरुवारी संध्याकाळी खरी बातमी आली. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई कामोठ्याला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायला जातात. त्यांनी लिहिलं की आपली मावशी कामोठ्यात बाजाराच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसलेली त्यांनी स्वतः पाहिली. ठणठणीत होती. यांना पाहून मान वळवली.

गल्ली हादरली म्हटलं तरी चालेल. आपली मावशी, आणि कामोठ्यात? जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. समोरच्या इमारतीतल्या नव्या बिऱ्हाडाने वासाची तक्रार केली असेल, असं एकाने सुचवलं. ते बिचारे खाली येऊन सांगून गेले की आम्ही स्वतः मालवणचे आहोत. चाचा मला म्हणाले, “खफा झालीय ती. बगैर कारण जाणारी बाई नाही. कोणीतरी तिचं मन दुखावलंय.” मीही त्यांच्याबरोबर मान हलवली. कोण असेल बरं, असा विचारही केला.

शुक्रवारी सकाळी मी आणि मिस्टर रिक्षा करून कामोठ्याला गेलो. मावशी एका मेडिकलच्या शेजारी बसली होती. आम्हाला पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. समोरच्या बाईंचे बांगडे कापून झाले, पिशवीत गेले, मग तिने शेजारचा रिकामा क्रेट उलटा करून माझ्याकडे सरकवला.

मी बसले. विचारलं, मावशी, काय झालं? कोणी काही बोललं का?

“कोन काय बोलला नाय,” ती म्हणाली. “तोच तर इषय हाय. होडीचा आवतान दिला मी. शुक्रवारी येऊन बसले. म्हटला, आता कोन तरी इचारील, मावशी, होडी कशी हाय, रंग कंचा दिला. येक मानूस बोलला नाय. सगल्यांनी मासे इचारले.”

बुधवार, बोंबील, तिचं जवळ बोलावणं, सगळं एका क्षणात आठवलं.

ती पुढे हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या घरची लगना, बारशी, आजारपना, समदा मना ठाव हाय. माझ्या घरचा तुमाला काय ठाव हाय गं?”

मला काहीच ठाऊक नव्हतं. तिला मुलं किती, तेही मी बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मावशी, त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना कोणाला माहीतच नाही. चूक माझी आहे. मी ते लिहिलंच नाही.”

“का?”

खोटं काय सांगणार? मी म्हटलं, “दुसऱ्या दिवशी तळ्यात बदकं आली.”

मावशी माझ्याकडे बघत राहिली. “बदका?” तिने विचारलं. मी मान हलवली. मग तिने मिस्टरांकडे पाहिलं, त्यांनीही गंभीरपणे मान हलवली, आणि मावशीला जे हसू फुटलं ते आवरेना. कोयत्याचा हात बाजूला धरून, पदर तोंडाला लावून ती हसत होती. मेडिकलवाला बाहेर येऊन बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मीही हसत होते.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, मग आता लिव, माझ्यासमोर लिव. मी तिथेच क्रेटवर बसून फोनवर लिहायला घेतलं आणि एकेक ओळ तिला वाचून दाखवली. ‘मावशीच्या मुलाची नवी होडी’ असं मी लिहिलं होतं, ते तिने बदलायला लावलं. मुलाची नाही, माझी लिही, म्हणाली. लाकूड तिने पसंत केलं होतं, रंग तिने सांगितला होता, निळा आणि त्यावर पिवळा पट्टा. रविवारी अकराच्या भरतीला होडी पाण्यात उतरणार, सगळ्यांनी जेवायला यायचं, हेही घातलं. खाली मी माझ्याकडून एक ओळ जोडली: हे आमंत्रण मावशीने नऊ दिवसांपूर्वी दिलं होतं, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं.

मी ते ग्रुपवर पाठवलं. मग उत्तरं येऊ लागली. येणार, येणार, आम्ही चौघं, आम्ही दोघं. मला कोणी बोल लावला नाही. फक्त आजोबांनी विचारलं, म्हणजे नऊ दिवस ती आपली वाट बघत होती? मी ‘हो’ लिहिलं. तो एक शब्द लिहायला मला जड गेला.

शनिवार सगळा तयारीत गेला. मावशीला काय न्यायचं यावर बायकांची बैठक बसली आणि शेवटी एक जांभळं लुगडं ठरलं. होडीला काय न्यायचं यावर पुरुषांची बैठक बसली आणि काहीच ठरलं नाही, तेव्हा चाचा म्हणाले की होडीला नारळ आणि माणसांना खजूर, बाकी विचार करू नका.

रविवारी आम्ही एकोणीस जण निघालो. चाचा आणि चाची त्यांच्या गाडीत, बाकीचे एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये. आठलाच निघालो होतो, पण बंदराच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली आणि आम्ही तिच्यात अडकलो. साडेदहा वाजले. कामोठ्यात मी मावशीला माझा नंबर लिहून दिला होता, त्यावर तिच्या नातीचा फोन आला. ती म्हणाली, आजी विचारते कुठपर्यंत आलात, भरती थांबत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा आला. आजी म्हणते येईपर्यंत होडी सोडायची नाही, पण बाबा म्हणतात पाणी आमचं ऐकत नाही. सूनबाईंनी ड्रायव्हरला सांगितलं, दादा, लग्नाचा मुहूर्त आहे असं समजा. त्याने ते समजून घेतलं. कुठल्या तरी गावातल्या आतल्या रस्त्याने, दोन म्हशींना वाट देत, त्याने आम्हाला सव्वाअकराला मोऱ्याला पोचवलं.

धक्क्याच्या बाजूला, चिखलाच्या कडेला होडी उभी होती. निळी, पिवळ्या पट्ट्याची, झेंडूच्या माळा घातलेली. पुढच्या टोकाला हळदकुंकू लावलेलं. पूजा उरकून माणसं दोर धरून थांबली होती, पाणी होडीच्या बुडाला लागलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून मावशी उभी होती. हिरवं नऊवारी, गळाभर सोनं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. मी तिला पाटीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. ती इतकी उंच आहे हे मला माहीतच नव्हतं.

“आली बग माझी तलावाची मानसा,” ती आपल्या लोकांना म्हणाली.

आणि मग तिने आमची ओळख करून दिली. माझ्या रोजच्या सात-आठ ओळी त्यापुढे काहीच नव्हत्या. हा चाचा, याची लेक आता डॉक्टर होणार हाय. हे आजोबा, यांचा पाय बरा झाला पण गुडघा अजून दुखतो, यांना खुर्ची द्या. ही माझी बाय, हिला कोलंबीत लसूण जास्त लागते. पाणी चढत होतं, दोरवाले ओरडत होते, आणि ती एकोणीस जणांपैकी एकालाही सोडत नव्हती.

शेवटी दोर ओढायला आमचेही लोक गेले. चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून दोराला हात घातला. पलीकडून एकवीरा आईचा जयजयकार झाला. तिसऱ्या हिसक्याला होडी हलली, चिखलातून सरकली आणि पाण्यात जाऊन डुलायला लागली. माझे मिस्टर मात्र दोर सोडायला विसरले आणि कमरेपर्यंत पाण्यात गेले. कोळणींनी त्यांना बाहेर काढलं, कोरडी लुंगी दिली, आणि दिवसभर ते त्या लुंगीतच आनंदात हिंडत होते.

होडीच्या पहिल्या फेरीला मावशीने मला शेजारी बसवलं. मुंबईहून येणारी लाँच लांबून गेली, तिच्या लाटांनी होडी वरखाली झाली, आणि मी मावशीचा दंड घट्ट धरला. ती पाण्याकडे बघत होती.

“माझा म्हातारा सगला जनम दुसऱ्याच्या होडीवर गेला,” ती म्हणाली. “ही बगायला पायजे होता.”

मी तेव्हा तिला विचारलं, तो कसा होता. आणि ती सांगत राहिली. परतून धक्क्याला लागेपर्यंत आणि त्यानंतर जेवणाच्या पंगतीतही. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोरीचं कालवण, तळलेली पापलेटं. मावशीला दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी जवळच्या करंजा गावात दिलेली. थोरला होडीवर, धाकटा बंदरात कामाला. हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं.

पुढच्या बुधवारी मावशी चाचांच्या पायरीवर परत आली. पण मी अगदी फुकटात सुटले नाही. दोन-तीन वेळच्या पाटीनेच कामोठेकरांना तिची चटक लागली होती, त्यामुळे शुक्रवार आमचा गेला तो गेलाच. शुक्रवारी ती आता तिकडे बसते. त्याचा दोष गल्ली माझ्यावर ठेवते आणि तो मला मान्य आहे.

तिच्या नातीने तिला आमच्या ग्रुपमध्येही घातलं. मावशीला लिहिता येत नाही, म्हणून ती बोलून पाठवते. मी तळ्यावरून घरी येईपर्यंत तिचा निरोप आलेला असतो, मागे वारा आणि धक्क्यावरचा गलका. आज काय मिळालं, किती वाजता पोचेन, आणि मग हळूच गल्लीची एखादी खबर. गेल्या बुधवारी ती म्हणाली, दुसऱ्या माल्यावरच्या सूनबाईला दोन खेपा झाल्या बोंबलाचा वास सोसत नाय, नाक दाबून उभी र्‍हाते, तिला आता कोनी जड उचलायला सांगू नका.

सूनबाईंनी तोवर फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाई फोन हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेल्या. दहा मिनिटांनी त्या खाली चाचांच्या दुकानात पेढे आहेत का म्हणून विचारायला आल्या, आणि मागोमाग जिन्यात सूनबाई उभ्या होत्या, लाजून लाल झालेल्या, हसत.