हळू ओढायचा नमुना

चारला चौकशी समितीसमोर जायचं आहे. ऋजुता प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकवते. पंख्याची घरघर लांब जाते, आणि शेजारच्या स्टुलावर सॅविओ बसलेला असतो. मार्चमध्ये हायड्रोजनच्या चाचणीत व्हॉल्व्ह तुटून स्फोट झाला, त्यात गेलेला सॅविओ.

"चहा सांगितलास का, बाय?"

"तुला... फार दुखलं का रे?"

"मेलेल्याला काय विचारतेस? चहाचं बोल."

ती दार उघडते. पलीकडे वसईचं त्याच्या घरचं स्वयंपाकघर आहे. फळीवर स्टीलची भांडी, आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव सॅविओचंच. त्याची आई पाठमोरी उभी आहे. "माझ्या पोरानेच म्हणे नट जास्त आवळला," ती भिंतीला सांगते.

सॅविओ एक पेला पुढे करतो. "वाकव."

ऋजुता अंगठ्याने दाबते. पेला वाकत नाही, सरळ तडकतो. तुटलेली कड खडीसाखरेसारखी चमकते.

"हायड्रोजन मुरलेलं स्टील असं जातं," तो म्हणतो. "तू तपासलेला व्हॉल्व्हच्या स्टीलचा नमुना कसा तुटला होता?"

"छान ताणून. मधे बारीक होत होत."

"किती वेगाने ओढलास?"

चुलीच्या जागी आता धातू ताणून तोडून बघायचं ओढयंत्र उभं आहे. त्याच्या जबड्यांत व्हॉल्व्हच्याच स्टीलची सळई. ती तपासली त्या दिवशी मावसबहिणीची हळद होती. दिवसभर चालायची चाचणी ऋजुताने जेवणाआधी उरकली होती, आणि स्टील पास केलं होतं.

"एवढासा अणू हायड्रोजनचा," सॅविओ सळईवर टिचकी मारतो. "ताण पडला की आतली रचना जिथे बदलते, तिथे हळूहळू गोळा होतो. तू त्याला पोचूच दिलं नाहीस. स्वतः मात्र हळदीला वेळेवर पोचलीस!"

तो हसतो. तिला हसता येत नाही.

"सॅविओ, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतेस? मला ठाऊकच आहे." तो आईच्या पाठीकडे बघतो.

"मॅडम, आत बोलावलंय." शिपाई दारात उभा आहे.

ऋजुता डोकं उचलते. मनगटाखाली सॅविओचा पेला आडवा पडलाय. तो गेल्यापासून ती त्यात पेन्सिली ठेवते. मनगटावर ठिपके उमटले आहेत, उलट्या अक्षरांत त्याचं नाव.

असे वळ लगेच विरतात. ती बाही खाली न ओढता समितीच्या खोलीकडे भराभर चालू लागते.