मी सांगितलेले एकशे दहा

गेल्या वर्षी एका सोमवारी ताईचा तिसरा रिपोर्ट आला. त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोलले. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं — परवापर्यंत.

मी दारव्ह्याला गणित शिकवते. दुपटीनं होणारी वाढ समजावताना मी कपाशीवरचा मावा घेते. तो ठरावीक दिवसांनी दुप्पट होतो असं धरा. अर्धं वावर भरलेलं दिसलं, तर सगळं भरायला अजून किती वेळा दुप्पट व्हावं लागेल? वर्गातून हमखास आवाज येतो, "म्याडम, आधी फवारा मारा नं!" हसणं थांबलं की मी सांगते — एकदाच. सुरुवातीला ही वाढ डोळ्यांत भरत नाही, म्हणून माणूस फसतो.

मी फसले नव्हते. मला दिसत होतं.

ताई माझी मोठी बहीण. आम्ही दोघी एकाच घरात राहायचो. ती कपडे शिवायची, मी पेपर तपासायचे. आजार किती वाढला ते सांगणारा तिच्या रक्तातला एक आकडा दर महिन्याला बघायचा होता. आधी वीस, मग चाळीस, आणि त्या सोमवारी ऐंशी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं — त्यांना कुणाला भेटायचं असेल तर लवकर भेटू द्या.

तिला भेटायचं होतंच. तिची लेक सुषमा मारेगावला, नुकतीच बाळंत झालेली. नातवाला ताईनं अजून हातात घेतलं नव्हतं.

झबलं शिवता शिवता तिनं मशीन थांबवलं. "गणितवाली तू. खरं सांग नं माय, किती जोरानं वाढून राह्यलं? आता जाऊ का दिवाळीनंतर?"

"सरासरी तीसनं," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात एकशे दहा होईन. दिवाळीनंतर जाय."

गुणाकाराच्या जागी मी बेरीज केली. गती तीच राहिली तर एकशे साठ होणार होते. हीच चूक पेपरात कुणी केली तर मी शून्य देते. ताईनं मान हलवली आणि पुन्हा शिवायला लागली. माझं गणित चुकू शकतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

का बोलले मी? तिला धक्का बसू नये म्हणून — असं स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण ते खरं होतं का? नाही. मारेगावला गेली असती तर ती लेकीकडेच राहिली असती. आणि तिचे उरलेले दिवस मला हवे होते. मागच्या खोलीत तिचं मशीन चालू असावं, इकडे मी वाचत बसावं — एवढ्यासाठी. नातवाच्या वाट्याचे दिवस मी ठेवून घेतले.

पुढच्या रिपोर्टात आकडा एकशे साठच्या जवळ होता. तेव्हाही सांगता आलं असतं. "थोडासाच वाढला," मी म्हणाले.

दिवाळीआधी ताई गेली. सुषमा बाळाला घेऊन पोचली, तेव्हा ताईला अंगणात ठेवलेलं होतं.

परवा मी मारेगावला गेले आणि सगळं सांगितलं. सुषमा बाळाला वरणभात भरवत होती. तिनं हातातला घास परत वाटीत ठेवला.

"तू एक फोन केला असता, तं मी पोराले घेऊन आली असती, मावशी. तिले यायचंही काम नव्हतं."

मग ती बाळाला उचलून आत गेली. मी थोडा वेळ बसले, आणि निघाले.

खरं सांगू? परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत अशी लागली नव्हती. "म्याडम, दारव्हा आलं, उतरता का नेऊ पुढं?" असं म्हणत कंडक्टरनं उठवलं. मला हलकं वाटत होतं. त्याची लाज वाटते, पण वाटत होतं.

ताई नाही. सुषमाचा फोन आलेला नाही. तिला आता खरं माहीत आहे.