अप्पांच्या जागेवर वाजलेली मशीन

मी उदगीरला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. बंद पडलेली मोटार घेऊन गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "कुणाची तरी नजर लागली बघा." मी उघडतो, आत जळकी तार निघते. इतक्या वर्षांत नजर एकदाही निघाली नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि खरं सांगू... माणसांवर त्याहून कमी. बायको म्हणते, मी देवाला हात जोडतानाही एक डोळा चपलांवर ठेवतो. ठेवतोच.

आमचं शेत जळकोटजवळ. माझं आणि चुलतभाऊ बसूचं सामाईक. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाच्या एका दुष्काळात माझे वडील, अप्पा, वारले. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात, हातात त्याचं, जन्मभर डबीत घालून गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग देतात. अप्पांना शेतातच ठेवलं आणि वर खुणेचे धोंडे मांडले. आई, म्हणजे आमची अव्वा, तान्ह्या मला घेऊन माहेरी गेली. तेवढ्यात दुष्काळी कामावरच्या लोकांनी बांध घालायला शिवारातले मोकळे धोंडे उचलले, त्यात खुणेचेही गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? पुढे वरून नांगर फिरला. आम्ही परत आलो तेव्हा नुसतं काळं रान होतं.

अव्वाचं मागणं एकच होतं. "मला त्यांच्या शेजारी ठेवा." पण शेजारी म्हणजे कुठं?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. विहिरींना पाणी नाही, म्हणून मोटारी नाहीत, म्हणून मी दुकानात माशा मारत बसलेलो. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा, आणि बसूच्या डोक्यात प्लॉटिंग शिरलेलं. मी अडून बसलो — आधी अप्पांची जागा सापडली पाहिजे. उद्या त्यांच्यावरून रस्ता गेला तर अव्वाला काय तोंड दाखवू?

बसूनं हैदराबादच्या मित्राकडून मेटल डिटेक्टर आणला होता. जुनी नाणी शोधायला म्हणे. गुपचूप शेत धुंडाळत होता, मला नंतर कळलं.

"अण्णा, काकांच्या लिंगाची चांदीची डबी त्यांच्यासंगंच गेली आसंल की. मशीन बराबर दावते," तो म्हणाला.

मी लगेच ओळखलं. हा ओढ्याकडच्या मुरमाड कोपऱ्यात काहीतरी पुरणार, 'काका सापडले' म्हणणार, आणि उरलेलं चांगलं रान विकणार.

सकाळी दोघं गेलो. जमिनीला हात जाईल अशा भेगा. बैलाचे नाल निघाले, निजामाच्या काळातला तांब्याचा एक पैसाही निघाला. बसू खूश, मी त्याच्या खिशांकडे बघतोय. आणि साहेब वळले कुठं? मुरमाड कोपऱ्याकडे! तिथं मशीन वाजली.

"लई जोरात वाजायली, अण्णा!"

मी खणलं. मोडका फाळ निघाला. मला हसू आलं, रागही आला. मशीन हिसकावून घेतली, मागचं झाकण उघडून आत बघितलं, आणि बसूला लांब बांधावर उभं केलं. फोनसुद्धा काढून घेतला त्याचा.

मग मीच फिरू लागलो. शेताच्या मधोमध, सगळ्यात भारी माती आहे तिथं, मशीन वाजली. आधीसारखी तुटक नाही... एकसारखी, थांबेचना. बाजूला सरकलो की गप्प, परत आलो की चालू. मी खुरप्यानं वीतभर माती उकरली. खाली अप्पा असतील तर आणखी खोल जाऊ नये, म्हणून थांबलो. उकरलेली माती चाळून बघितली. एक खिळासुद्धा नाही. आणि मशीन वाजतेच आहे. बांधावरून धावत आलेल्या बसूचा चेहरा उतरला, कारण त्याचा सगळा बेत त्या मधल्या तुकड्यावर होता. मी तिथं धोंडे मांडले.

घरी अव्वा जोंधळे निवडत बसली होती. मी सांगितलं, "चांदीची डबी सापडली समज."

तिनं सूप खाली ठेवलं. "चांदी कुठली रं? चांदी मातीत देत न्हाईत. लिंग तेवढं हातात दिलं. डबी मातीला आलेल्या स्वामींनी काढून माझ्या पदरात टाकली. ती तर तुझ्या गळ्यात हाय."

माझा हात छातीवर गेला.

दुसऱ्या दिवशी तीच मशीन, तीच जागा. शांत. बाजूला बैलाचा नाल टाकला तर त्यावर वाजली, इथं नाही. मी बसूवर खेकसलो, "काल काय पुरलं होतंस? रात्रीतून काढून नेलंस ना?"

"माझाच सौदा मोडायला मी मधोमध पुरीन व्हय? काय बोलायलास, अण्णा?"

संशय तरीही गेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात अव्वा गेली. माणसं कुदळी घेऊन शेतात उभी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत — कुठं खणायचं? जागा चुकली तर ती त्या एवढ्या रानात कायमची एकटी राहणार. एका मशीनच्या आवाजावर आईला ठेवायचं, याची मला भीती वाटत होती. मी धोंड्यांपासून दोन हात सोडून जागा दाखवली.

छातीइतकं खोल गेल्यावर कडेची माती जराशी ढासळली. आत पांढरा थर. मीठ आणि विभूती... आम्ही घालतो तसंच. खणणारा कुदळ ठेवून वर आला.

"काका हितंच हायत," म्हणत बसू मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मीही रडलो.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, मिठामुळे वाजली असेल. मीही तेच धरून बसलो होतो. पण मग दुसऱ्या दिवशी का नाही वाजली? त्यानंतर मी कितीदा फिरवली, एकदाही नाही. मशीन पूर्ण खोलून तपासली, दोष नाही. बसूवर संशय घ्यावा तर त्याचंच नुकसान झालं, कारण तो तुकडा आम्ही विकला नाही. खुलासा मला आजही सापडलेला नाही, आणि न सापडलेली गोष्ट मला सुखानं झोपू देत नाही.

पण शेतात गेलो की अप्पांच्या आणि अव्वाच्या मधल्या त्या दोन हात जागेत जाऊन बसतो. दोघांच्या मध्ये बसल्याची लहानपणची एकही आठवण मला नाही. ते पस्तिशीत मिळालं.