माजलगावची स्वेटरवाली

नव्या स्वेटरच्या पिशवीचा वास आला की माजलगावचा हिवाळ्यातला बाजार आठवतो. शाळा सोडून मी वडिलांबरोबर मेंढरांमागं फिरायचो. बाजारात एक तिबेटी मावशी स्वेटर विकायची. वडिलांनी एक स्वेटर चोळून पाहिला. “मावशी, ही लोकर न्हाई.” ती हसली, “बाबा, ये लुधियाना के मिल की भेड़ है.” तेवढ्यात एक नवा शिपाई आला आणि परदेशी म्हणून तिला दुकान उचलायला सांगू लागला. तिनं निर्वासिताचा दाखला दाखवला, पण त्याला तो कळेना. आम्ही परमुलखात ज्याच्या रानात मेंढरं बसवतो, तो मालक गावापुढं आमच्यासाठी बोलतो. वडिलांना वाटलं, इथंही तसंच चालतं. ते म्हणाले, “सायब, ही माझ्या रानात बसलीय.” “कुठंय तुमचं रान?” “मला कुठलं? मीच दुसऱ्याच्या रानात हाय.” शिपायाला हसू आलं. त्यानं ठाण्यात फोन लावला. आल्याआल्याच तिनं तिथं नोंद केली होती, हिवाळाभर राहायची परवानगीही होती. दुकान राहिलं. गाव नसलेल्याला कायदा जागा देतो, याचं मला लई नवल वाटलं. आता मी आखातात कामाला असतो. परवा इथं पोलिसानं मला अडवलं. मी खिशातले कागद काढू लागलो. शेजारचा अनोळखी भाजीवाला माझ्यासाठी बोलला. मी सुटल्यावर त्याचं गाव विचारलं, तर तोही परमुलखातलाच निघाला.