दुखणेकऱ्याची कॉफी

आमच्या लोणावळ्याच्या घरात कॉफी प्यायची असेल तर दोनच मार्ग होते. एक तर पाहुणा म्हणून यावं, नाही तर आजारी पडावं. सून होऊन आलेल्या माणसाला पहिला मार्ग कायमचा बंद. सासूबाईंचे भाऊ हुबळीकडे रेल्वेत होते, ते अधूनमधून कॉफीच्या कच्च्या बियांची पिशवी घेऊन येत. ती फडताळात कुलपाखाली असे. बिया भाजायच्या त्या सासूबाईंच्या देखरेखीखालीच. शेगडीपुढे डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि नुसत्या वासावर म्हणायच्या, "उतरव." मग मी कढई उतरवायची, बिया खलबत्त्यात कुटायची, जायफळ उगाळून घालायची आणि पेला बाहेर नेऊन द्यायची. माझ्या वाट्याला यायचा तो वास. त्या वासासाठी मी वेडी होते.

मामंजी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "या घरात नाक एकच." बाकीच्यांची बहुधा चेहऱ्याला शोभा म्हणून होती.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा तापाची ती मोठी साथ घाट चढून वर आली. शेजारच्या चाळीतून माणसं जात होती. त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. आमच्याकडे सगळे पडले आणि सगळे उठले. आधी मामंजी, मग सासूबाई, मग आमचे हे. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद येईपर्यंत काहीतरी गरम देत जा. सासूबाईंनी त्याचा अर्थ कॉफी असा लावला आणि लगेच एक नियमही करून टाकला. दुखणेकरी कॉफीला नावं ठेवायला लागला की तो बरा झाला असं समजायचं आणि कॉफी बंद. मामंजी बिचारे सहज म्हणाले, "जायफळ जरा जास्त झालंय." दुसऱ्या दिवशी पुढ्यात पेज आली. ह्यांना साखर कमी वाटली, त्यांचीही पेज झाली. सासूबाई स्वतः मात्र "छान झालीय" एवढंच म्हणाल्या आणि आपणहून पेजेवर आल्या. माझ्या हातच्या कशालाही त्यांनी छान म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ताप डोक्यात गेला असेल, असं मला वाटलं.

शेवटी माझा नंबर लागला. खोटं वाटेल, पण तापातसुद्धा मी त्या पेल्याचीच वाट पाहत होते. ताप उतरला, पेला आला, मी तो नाकाशी नेला, तर काहीच नाही. एक घोट घेतला. नुसतं ऊन पाणी. मला रडूच कोसळलं. सासूबाईंना वाटलं, अशक्तपणा असेल.

मग मी ठरवलं, नावं म्हणून ठेवायची नाहीत. वास परत येईपर्यंत हा पेला चालू राहिलाच पाहिजे. रोज सासूबाई समोर बसून विचारायच्या, "कशी झालीय?" मी म्हणायची, "छान." त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहायच्या. माझी लबाडी शोधताहेत, असं वाटून मी घाईघाईने पेला संपवायची.

एका सकाळी मी भिंतीला टेकून बसले होते आणि सासूबाई शेगडीपुढे डोळे मिटून बिया हलवत होत्या. कुसगावची दूधवाली मागल्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, काय करपाय लागलंय वो? पार पटरीपातुर वास येतोय."

"काही करपत नाही. भाजणीचा वास असाच असतो," सासूबाई म्हणाल्या.

"आमाला काय ठावं? तुमची कापी तुमी जाना," म्हणत तिने दूध ओतलं आणि गेली.

सासूबाईंनी डोळे उघडले. कढईत नुसता कोळसा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"तुला वास आला नाही?"

"दुखण्यापासून येतच नाही. पण तुम्हाला?"

त्या उगाचच त्या कोळशात उलथनं फिरवत राहिल्या. "मलाही ताप आल्यापासून नाही. फोडणीसुद्धा आवाजावर करते मी. कुठं बोलू नकोस."

तोवर मला त्यांची फक्त भीती वाटत होती. त्या दिवशी पहिल्यांदा माया वाटली.

पुढे थोड्याच दिवसांत पेल्यातून आधी जायफळ आलं आणि पाठोपाठ जळकट, कडू वाफ. इतकी वाईट कॉफी मी आजतागायत प्यायलेली नाही. पण तसं म्हणावं तर पेला बंद, शिवाय त्या एकट्या पडणार.

"कशी झालीय?"

"छान."

"खोटं बोलतेस. भुवया आखडल्यास तू. वास आला ना?"

मी मान हलवली आणि पेजेची तयारी ठेवली. त्यांनी माझा पेला उचलून स्वतःच्या नाकाशी धरला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझाही येईल."

तो कधीच आला नाही.

पुढच्या भाजणीला त्या नेहमीसारख्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी मागे, त्यांच्या पदराचं टोक धरून. वास जुळून आला तसा मी पदर हळूच ओढला. "उतरव," त्या म्हणाल्या. बाहेर मामंजी पाहुण्यांना सांगत होते, "या घरात नाक एकच." आकडा बरोबर होता.

त्यानंतर मला आजारी न पडता कॉफी मिळू लागली. पाहुण्यांचे पेले बाहेर गेले की सासूबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि माझा पेला स्वतःच्या हाताने भरायच्या. मी पहिला घोट घेतला की विचारायच्या, "कसा येतोय गं वास?"

मी सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या.