पागोटेवाले पणजोबा

पणजोबा सहसा निवडता येत नाहीत. मी निवडले.

झालं असं, की नव्वदच्या दशकात मुंबईच्या एक बाई टोकावड्याजवळच्या आमच्या गावात आल्या. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने गावोगाव हिंडून, एकेकाला समोर बसवून काढलेल्या फोटोंच्या प्रती त्यांच्याकडे होत्या. खाली नावं मात्र नव्हती. "आपापली माणसं ओळखा," म्हणाल्या आणि सगळा गठ्ठा माझ्या, म्हणजे शाळामास्तरच्या, ताब्यात देऊन गेल्या.

बाबा हरखले! त्यांचे आजोबा त्यांच्या जन्माआधीच गेलेले. "एकदा तरी आजाचं तोंड बघायचंय रे," म्हणाले. मग मी काय, गठ्ठ्यातला सगळ्यात रुबाबदार गडीच उचलला! जरीचं पागोटं, पिळदार मिशी, चांदीच्या बटणांचा कोट.

"नाक बघा बाबा, आपलंच!" (माझं नाक नकटं आहे. पण उत्साहात नाकाकडे कोण बघतो?)

फोटो मोठा करून भिंतीवर लावला, चंदनाचा हार घातला. सर्वपित्रीला भावकी जेवायला बोलावली. कावळ्यासाठी पान ठेवलं, तर कावळा शिवेना!

"आजा, काय चुकलं आमचं?" बाबा फोटोपुढे हात जोडून उभे. तेवढ्यात शेजारचे धर्माकाका आले आणि भिंतीकडे बघून उंबऱ्यातच थबकले.

"मास्तर, आमचा आजा तुमच्या भितीव कसा?"

"तुमचा?"

काका पळत घरी गेले आणि हाच फोटो, हारासकट, घेऊन आले! (गठ्ठ्यात त्या गड्याच्या दोन प्रती होत्या. दुसरी कुणी नेली, ही चौकशी मला सुचली नव्हती.)

"मिशी आमची!"

"पागोटं आमचं!"

खीर गार झाली.

शेवटी आटगावला दिलेली बाबांची आत्या आली. पणजोबांची सख्खी लेक! आधी तिलाच विचारावं, हे एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. तिने चष्मा चढवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मेल्यांनो, ह्यो तर पाटील! बापूस मरेपर्यंत ह्याच्याशी बोलला नाय, आन तुमी ह्याला खीर चारताव?"

बाबा आत्याकडे वळले. "मंग आमचा आजा कुठं गो?"

"अरे, साहेब आला तवा गावात चांगलं पागोटं एकच, पाटलाचं. ज्याचा फोटो, त्याच्या डोक्याव! बापसाची पाळी आली आन डोकं लागलं खाजवाया. साहेब वरडतो, हलू नको! आन बापूस सगळ्यांदेखत म्हणतो, पाटलाच्या पागोट्यात उवा हायत! तवापासून बोलणं बंद."

मी गठ्ठा उपसला. तळाशी एक फोटो निघाला, बिघडलेला म्हणून मीच खाली सारलेला. पाय स्पष्ट, गुडघे स्पष्ट, हात डोक्याकडे आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं!

"ह्योच!" आत्या टाळी वाजवून हसली.

बाबांनी फोटो छातीशी धरला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सापडला गो आत्या, सापडला!"

पाटील भिंतीवरून उतरले, पणजोबा चढले. आता येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या धुक्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि अगदी ठामपणे सांगतो, "मास्तर, तुमी डिट्टो त्यांच्यावर गेलाव!"